तोंडावर केलेलं कौतुक

सिंगापूरला सेम्बावांगच्या त्या घरात आम्ही राहायला गेलो तेव्हा समोरचं दार बरेच महिने बंद होतं. मला ते बरंही वाटायचं आणि नाहीही. बरं अशासाठी, की चपला दारात कशाही काढल्या तरी बघायला कुणी नाही. आणि नाही अशासाठी, की सकाळी मुलगा बँकेत त्याच्या कॉम्प्युटरच्या कामाला, सूनबाई जुरोंग ईस्टला तिच्या हिशेबाच्या ऑफिसात आणि नात शाळेत गेली, की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती. भिंतींशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? चिंचवडला माझं दार दिवसभर उघडं असायचं. इथे उघडं ठेवलं की सूनबाई म्हणायची, "आई, एसीची हवा जाते हो सगळी."

दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची ही गोष्ट. एक दिवस मी खालच्या दुकानातून कोथिंबीर घेऊन वर येत होते, तर लिफ्टमध्ये एक उंच, कुरळ्या केसांची मुलगी खोकी घेऊन उभी. तिनं कितवा मजला विचारलं, मी सांगितलं, आणि आपण समोरासमोर राहणार हे कळल्याबरोबर तिनं हातातलं खोकं खाली ठेवलं आणि मला मिठीच मारली. वर गालाला गाल लावला. कोथिंबीर मध्ये चुरगळली. मी खांबासारखी उभी. हात कुठं ठेवायचे तेच कळेना.

आता आपल्यात असं कुणी धरत नाही. वाकून नमस्कार करतात, मोठ्या बायका पाठीवर हात ठेवतात, झालं. आमचे हे जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती, आणि नात सोडली तर मला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं. घरी येऊन मी सांगितलं, "समोर कुणीतरी आली आहे. एकदम गळ्यातच पडली माझ्या." मुलगा म्हणाला, "ब्राझीलची असेल. इथल्या शिपयार्डात त्यांच्याकडची तेलाची जहाजं बांधतायत. बरीच माणसं आलीत तिकडची." मला ब्राझील म्हणजे फुटबॉल एवढंच ठाऊक.

तिचा नवरा जहाजावरचा इंजिनिअर. सकाळी अंधारात यार्डात जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. म्हणजे ती आणि तिच्या भिंती. मग काय, आमच्या दोघींच्या भिंतींना सुट्टी मिळाली.

तिचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून तुटकं. मी सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं जे काही ते वाचून आणि ऐकून. पण गंमत अशी, की इथल्या लोकांचं भरभर बोलणं आम्हा दोघींनाही कळायचं नाही आणि एकमेकींचं मात्र सगळं कळायचं. तिचा एक तुकडा, माझा एक तुकडा, उरलेलं हातवाऱ्यांनी. आमचं बोलणं मी इथे आपल्या मराठीत सांगते आहे, तेव्हा ती फार सफाईनं बोलायची असं कुणी समजू नका.

दुपारी तिच्याकडे काळ्या घेवड्याची उसळ आणि भात शिजायचा. रोज. मला आधी वाटलं, परदेशात आल्यामुळे करते बिचारी. तर नाही, त्यांच्याकडे रोज तेच, जसं आपल्याकडे वरण-भात. तिनं एकदा चीज घातलेले गरम गरम गोळे भाजून आणले. कशाचे म्हणून विचारलं तर पिशवी दाखवली. बोटांत धरून बघितलं तर साबुदाण्याचंच पीठ की! त्या दिवशी माझी चतुर्थी होती. उपासाला चालतंय म्हणून मी चांगले तीन खाल्ले. नंतर कृती विचारली तर त्यात दोन अंडी. आता खाऊन झाल्यावर काय करता? गणपती समजून घेईल म्हटलं. तोही खाण्यातला आहे.

वेळेचं तिला काही नसायचं. चारला येते म्हणाली की पाच. मी आपली पावणेचारला साडी नीटनेटकी करून बसायची. आणि निघताना मात्र "जाते" म्हणून उठली की दारात आणखी अर्धा तास. हे अगदी आपल्यासारखं. तिथं आमचं फार जुळायचं.

आणि कौतुक. बाई गं, किती कौतुक करायची ती! माझ्या साडीचं, माझ्या टोमॅटोच्या साराचं, माझ्या पांढऱ्या केसांचंसुद्धा. मी म्हणायची, "छे गं, कसलं काय." नातीला तर बघितल्याबरोबर दोन्ही गाल धरून काय काय बोलायची. नात खूश. "आजी, शी सेज आय अॅम सो प्रिटी लाह," असं इथल्या मुलांसारखं शेवटी लाह लावून म्हणत घरभर फिरायची. आणि मी तिन्हीसांजेला कुणाच्या नकळत मीठ-मोहऱ्या घेऊन नातीवरून ओवाळून टाकायची.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. तिची आई ब्राझीलहून बाळंतपणाला येणार होती. तिकीट झालं होतं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायची वेळ आली आणि डॉक्टरांनी इतका लांबचा विमानप्रवास करू नका म्हणून सांगितलं. मग एका दुपारी तिनं मला फोनच्या पडद्यासमोर बसवलं. पलीकडे तिची आई, पाय उशीवर ठेवून. ती माझ्याशी त्यांच्या पोर्तुगीज भाषेत बराच वेळ बोलली. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. माझ्या लेकीकडे बघा, एवढंच ती म्हणत होती. दुसरं काय म्हणणार? मी हात जोडले. तिनंही जोडले.

बाळ दीड महिना आधी आलं. नवरा तेव्हा नेमका जहाजाच्या चाचणीसाठी समुद्रावर. टॅक्सीत तिच्याबरोबर मी. हॉस्पिटलच्या बाकावर मी. मुलगी झाली. एवढीशी, ओल्या पक्ष्यासारखी. काही आठवडे ती काचेच्या पेटीत होती. ही रोज जायची, पेटीत हात घालून बसायची आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी यायची. ते रिकामे हात मला बघवायचे नाहीत.

शेवटी बाळाला घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली. वजनावर लक्ष ठेवा. वजन धरलं तर काही काळजी नाही. नाही धरलं तर परत आणा, परत पेटीत ठेवावं लागेल. त्या दिवसापासून त्या घरात एकच प्रश्न होता. उठता बसता, दूध पाजताना, दुपटं बदलताना, एकच. बाळ वजन धरतंय ना?

मी माझ्या परीनं सुरू केलं. चिंचवडला शेजारपाजारच्या कितीतरी बाळंतपणांत माझा हात असायचा. तिला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. बाळाला डॉक्टरांना विचारून, अगदी हलक्या हातानं तेल. खालच्या मजल्यावरची एक चिनी आजी बाळंतिणीसाठी आलं आणि काळा व्हिनेगर घालून शिजवलेले डुकराचे पाय घेऊन आली आणि महिनाभर केस धुवायचे नाहीत म्हणून दम देऊन गेली. आमची बया दिवसातून तीन वेळा अंघोळ करणारी. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "पाय तुझ्या नवऱ्याला दे, केस तू धू, पण लगेच पुसून कोरडे कर." असा तीन देशांचा समझोता झाला.

मग यार्डातल्या ब्राझीलच्या मंडळींची रांग लागली. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत पहिले दिवस कुणाला फारसं सोडत नाहीत. इथे दहा-दहा माणसं, बायका, बाप्ये, सगळे मिठ्या मारतायत आणि बाळावर वाकून "लिंडा, लिंडा" म्हणतायत. त्यांच्या भाषेत सुंदरला लिंडा म्हणतात. कुणी पापण्यांना म्हणतंय, कुणी बोटांना म्हणतंय. इतकंसं बाळ, आत्ता कुठे पेटीतून बाहेर आलेलं, आणि त्याच्यावर एवढे डोळे, एवढे शब्द! मी बाळाच्या तोंडावरून दुपटं ओढून घेतलं. कुणी गालांबद्दल बोललं की मी हळूच "थू थू" करायची. सगळे गेल्यावर बाळाच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. तळपायालाही लावलं.

ती मात्र दर दिवशी मला विचारायची, "आजी, कशी दिसते आज?" आमची नात म्हणते म्हणून तीही मला आजीच म्हणायची.

मी म्हणायची, "आहे. ठीक आहे."

आता माझ्या वयाच्या कुणाही बाईला विचारा, बाळाच्या आईला याहून जास्त काय सांगायचं असतं? बाळ गोंडस आहे असं म्हणून आपणच वाईटाला दार उघडून द्यायचं का? माझ्या सासूबाई तर माझ्या मुलाला तो दोन वर्षांचा होईपर्यंत "आमचं माकड" म्हणायच्या, आणि त्या माकडावर त्यांचा जीव होता.

मग काय झालं कुणास ठाऊक, ती बदलली. म्हणजे दार उघडायची, पण "बस" म्हणायची नाही. लाडू डब्यात तसेच राहायला लागले. दूध कमी झालं म्हणाली. मी तेलाची वाटी घेऊन गेले की, "आज नको आजी, आत्ताच झोपली आहे." दुसऱ्या दिवशीही झोपलेली. तिसऱ्या दिवशीही. मी वाटी घेऊन परत यायची. मला वाटलं, तेलाचा वास आवडत नसेल. किंवा तिच्या मैत्रिणी म्हणाल्या असतील की ही म्हातारी काहीतरी जुनाट करते. वाईट वाटलं. पण विचारलं नाही. विचारायचं कसं? आपण मनात ठेवतो आणि भांडी जरा जोरात आपटतो.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खांद्यावरची बॅगही काढली नव्हती.

"आई, त्या बाळात तुम्हाला काय दिसलं?"

"काय दिसायचंय?"

"तेच विचारते आहे मी. ती आत्ता लिफ्टपाशी भेटली. माझा हात धरून रडत होती. म्हणाली, तुझ्या सासूनं आयुष्यात इतकी बाळं हाताळली आहेत, तिला नक्की काहीतरी कळलं आहे आणि ती माझ्यापासून लपवते आहे. सगळं जग बाळाला सुंदर म्हणतं. फक्त तुझी सासू गप्प बसते, बाळाचं तोंड झाकते आणि थुंकते."

मी हातातली भाजी खाली ठेवली. "थुंकते कुठं? थू थू म्हणते. दृष्ट लागू नये म्हणून."

"मला माहिती आहे हो. तिला कसं माहिती असणार?" सूनबाई धपकन बसली. "या आठवड्यात दोनदा डॉक्टरकडे जाऊन आली ती. डॉक्टर म्हणतात काही नाही. तिचा विश्वास बसत नाही. म्हणते, डॉक्टर पाच मिनिटं बघतो, आजी रोज बघते. भीतीनं जेवण जात नाही तिला. दूध कमी होणार नाही तर काय होईल?"

"अगं, पण पोर किती छान आहे! मागच्याच आठवड्यात मांडीला वळी पडली तिच्या. पहिली वळी. तेल लावताना माझ्या बोटाला लागली."

"मग सांगितलंत तिला?"

"असं सांगतात होय? वळी पडली म्हणावं आणि दुसऱ्या दिवशी बाळानं दूध टाकावं."

तिकडे सोफ्यावरून मुलगा म्हणाला, "आई, मी दहावीला शाळेत पहिला आलो होतो, तेव्हा तू मला काय म्हणालीस आठवतं? अक्षर सुधार म्हणालीस."

"मग सुधारलं ना?" मी म्हटलं.

तो हसला. सूनबाई नाही हसली. ती शांतपणे म्हणाली, "आई, मलाही तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत. लग्नाला अकरा वर्षं झाली. मी समजून घेते, माझी आईही तशीच आहे. तुमचं गप्प बसणं मला वाचता येतं. पण ती परक्या देशातली आहे. तिची आई इथे नाही. तिला कसं वाचता येईल?"

माझा वळीचा आनंद इतके दिवस मी पदराच्या गाठीत बांधून ठेवल्यासारखा जपला होता, आणि तोच आनंद समोरच्या दारात भीती होऊन बसला होता. मी पदर खोचला आणि निघाले. सूनबाई म्हणाली, मी येते समजावायला. मी म्हटलं, "नको. मी गप्प बसले, मीच बोलते."

तिनं दार उघडलं तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर होतं. पडदे ओढलेले. बाहेर अजून उजेड होता तरी घर अंधारं. मला बघून तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू मी निकाल घेऊन आले आहे.

मी आधी समजावायचा प्रयत्न केला. डोळ्याकडे बोट दाखवलं, मग बाळाकडे दाखवलं, मग दोन्ही हातांनी नको नको केलं. माझ्या इंग्रजीत दृष्टीला शब्दच नव्हता. म्हटलं, लोक बघतात, खूप छान म्हणतात, मग बाळ आजारी. म्हणून आम्ही गप्प. म्हणून काळं बोट.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आत गेली आणि एक लाल झबलं घेऊन आली. बाळाला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा घातलेलं. ते मी त्या दिवशी बघितलं होतं, वाटलं हिला लाल रंग आवडतो. मग तिनं बाळाचं अंगावरचं झबलं उलटून दाखवलं. आतल्या बाजूनं पिनेला एक इवलीशी काळी लाकडी मूठ अडकवलेली, बोटांमधून अंगठा बाहेर काढलेली. म्हणाली, तिच्या आईनं पाठवलेली. आधी ती तिच्या आजीची होती. लाल कपडा आणि ही मूठ, म्हणजे बाळाला वाईट डोळा लागत नाही.

मी थक्क. म्हटलं, "म्हणजे तुमच्यातही दृष्ट लागते?"

"का नाही लागणार?" ती म्हणाली. "माझी आजी तर पाळण्याजवळ कुणाला उभं करायची नाही."

"मग एवढं तोंड भरून लिंडा लिंडा कशाला म्हणता?"

"म्हणायचं आणि लगेच देवाचं नाव घ्यायचं. बेन्झा देउस. देव भलं करो. मग शब्द बाधत नाही."

"आणि म्हटलंच नाही तर?"

तिनं डोळे पुसले. "म्हटलंच नाही तर आईला कसं कळणार, आजी?"

एवढं साधं. इतकी वर्षं मी बाळंतिणींमध्ये काढली, पण आईलाही ते ऐकायचं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आम्ही बाळाला जपायचो. आईला कोण जपतं?

ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आता सांग. खरं सांग. कशी आहे ती?"

माझी जीभ उचलेना. वाटलं, मी बोलले आणि काही झालं तर? पण तिच्याकडे बघितलं. त्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली. मी बाळाला मांडीवर घेतलं, पाय मोकळे केले, आईचं बोट धरलं आणि त्या मांडीच्या वळीत ठेवलं. म्हटलं, "हे बघ. हे आधी नव्हतं, आता आहे. दुसऱ्या पायालाही येते आहे."

मग मी मराठीत बोलायला लागले, कारण इंग्रजी कुठं पुरणार? म्हटलं, "पोरी, फार गोड आहे गं तुझी लेक. हाताला रोज जड लागते. बोट धरलं की सोडत नाही, इतकी ताकद आली आहे. कपाळ तुझ्यासारखं रुंद आहे. झोपेत हसते, तेव्हा मला उठून स्वयंपाकाला जावंसं वाटत नाही. सुंदर आहे. खरंच सुंदर आहे." आणि लगेच म्हटलं, "बेन्झा देउस." तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून वरून दोन्ही हातांची बोटंही कानशिलाला लावून मोडली. चांगली कडाकडा मोडली.

तिला माझं मराठी किती कळलं देव जाणे. पण ती रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, भूक लागली आहे. मी डबा पुढे केला. तिनं एकापाठोपाठ दोन लाडू खाल्ले, मांडी घालून, खाली फरशीवर बसून. मी बाळ घेऊन बसले. पडदे तिनंच उठून सरकवले.

दूध काही त्याच दिवशी वाढलं नाही. त्याला वेळ लागला. पण तेलाची वाटी पुन्हा सुरू झाली, आणि आता माझ्यावर एक नवीनच काम येऊन पडलं. तेल लावताना मला रोज मोठ्यानं सांगावं लागायचं, आज काय काय छान आहे ते. मी विसरले की ती म्हणायची, "आजी, आज काही नाही का?" मग मी कान, टाळू, पोट, जे दिसेल त्याचं मराठीत कौतुक करायची आणि शेवटी त्यांच्या देवाचं नाव घ्यायची. सुरुवातीला माझ्याच कानांना ते परकं वाटायचं. मग आवडायला लागलं. खरं तर इतकं आवडायला लागलं, की मी सकाळी उठल्यापासून शोधत राहायची, आज काय सांगायचं म्हणून.

मग वजनाचा दिवस आला. तिच्या नवऱ्यानं यार्डातून सुट्टी घेतली होती, तोही बरोबर होता. तरी तिनं मला सोडलं नाही. बाळांच्या दवाखान्यात खुर्च्यांवर सगळ्या जातीच्या आया, आज्या आणि त्यांच्या मांडीवर बाळं. आमचा नंबर लागला. नर्सनं बाळाचे कपडे काढून तिला काट्यावर ठेवलं. तिच्या आईनं डोळे मिटून घेतले. नवऱ्यानं तिचा हात घट्ट धरला. मी काट्याकडे बघत होते, पण चष्मा घरी राहिला होता.

नर्सनं आकडा सांगितला, लिहून घेतला आणि म्हणाली, छान वाढलं आहे, आता परत हॉस्पिटलात न्यायची काही गरज नाही. नवऱ्यानं एकदम श्वास सोडला. तिनं मात्र डोळे उघडलेच नाहीत. तशीच म्हणाली, "आजी?"

तिला आकडा नको होता. तिला माझ्याकडून ऐकायचं होतं. आता चार परक्या बायकांसमोर दुसऱ्याच्या लेकराचं असं उघड कौतुक मी जन्मात केलं नव्हतं. पण मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, "धरलं गं वजन तिनं. गुटगुटीत झाली. किती सुंदर दिसते आहे बघ." माझ्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक मलय आजी बसली होती. तिला माझी भाषा कळणं शक्य नव्हतं. पण तिनं बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी देवाचं नाव घ्यायच्या आधीच हसून म्हणाली, "माशाल्ला." मग मी माझं बेन्झा देउस म्हटलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून मान डोलावली. काम पक्कं झालं.

तेव्हा तिनं डोळे उघडले.

पुढे दोन-तीन वर्षांनी यार्डातलं जहाजांचं काम आटलं आणि ती मंडळी ब्राझीलला परत गेली. मुलगी आता मोठी झाली आहे, फोनवर मला आजी म्हणते, आणि तिची आई अजूनही फोन ठेवता ठेवता अर्धा तास लावते. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. तिला वाटतं मी तिचं बाळंतपण केलं. मला वाटतं तिनं मला बोलायला शिकवलं, तेही वयाच्या पासष्टाव्या वर्षी, दोघींच्या तुटक्या इंग्रजीत. सिंगापूरला मी मुलासाठी आले होते, नातीसाठी राहिले होते. पण ते गाव माझं झालं ते तिच्यामुळे.

त्या वजनाच्या दिवसाचं मात्र थोडं सांगायचं राहिलं. संध्याकाळी सूनबाई घरी आली. हात-पाय धुऊन तिनं आमटीला फोडणी दिली आणि विचारलं, "काय म्हणाले दवाखान्यात?" मी सांगितलं सगळं. तिला खूप आनंद झाला. मी तिच्याजवळ ओट्याशी उभी होते. बोलायचं होतं, पण परक्यांसमोर बोलणं सोपं असतं हो, घरच्यांसमोर अवघड. शेवटी म्हटलं, "तू त्या दिवशी मला बोललीस म्हणून झालं हे. दुसरी कुणी असती तर, सासू आहे, कशाला बोला, म्हणून गप्प बसली असती. तू शहाणी आहेस. आणि इतकी वर्षं ऑफिस करून हे घर तू फार छान सांभाळलंस."

तिचा आमटीतला डाव थांबला. ती माझ्याकडे वळली नाही. मुलगा बाहेरच्या खोलीतून डोकावला आणि म्हणाला, "आई, बरं वाटत नाहीये का तुला?"

"तू गप्प बस रे," सूनबाई म्हणाली. मग डाव पुन्हा फिरवायला लागली आणि आमटीकडेच बघत मला म्हणाली, "आई, ते देवाचं नाव घ्यायचं राहिलं तुमचं."

मी घेतलं. आणि तिच्या पाठीवर हात ठेवला तो फोडणीचा वास विरेपर्यंत काढला नाही.